आईचा रकाना

४ ऑगस्ट २०२५, राजुरी

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की घरातल्या एकाने रोज लिहून ठेवा. पोरीने काय खाल्लं, किती ओकली, झटका आला का, आला तर किती वेळ. घरात लिहायची सवय मला एकट्याला. चौतीस वर्षं या पंचक्रोशीतल्या गाईंच्या कृत्रिम रेतनाच्या नोंदी ठेवतोय, तेव्हा हे कामही माझ्याच गळ्यात पडलं. एक कोरी नोंदवही पडून होती, तीच घेतली. वर छापील रकाने आहेत: गाईचा बिल्ला, आईचा बिल्ला, वळूचा नंबर, तारीख. मी त्यांच्यावरून आडवं लिहीत जाईन.

आरोही, माझी नात. वय दोन वर्षं सात महिने. वजन साडेआठ किलो. धरून बसवलं तर बसते, उभी राहत नाही. डोळे नाकाकडे वळलेले. बोलणं दोनच: "आ" म्हणजे आई आणि "दा" म्हणजे मी. आज झटका नाही. दोनदा ओकली. हसणं भरपूर. कशाला हसते ते कळत नाही.

११ ऑगस्ट

पुण्याला जाऊन आलो. मी, मुलगा सुदर्शन, सून अश्विनी आणि आरोही. सुदर्शन चाकणला कंपनीत आहे, रविवारी तेवढा घरी येतो. आज रजा टाकून आला.

जनुकांचा रिपोर्ट आला आहे. डॉक्टरीणबाई मूळच्या केरळच्या, मराठी पुण्यात शिकलेल्या, पण समजावून सांगतात छान. शरीर प्रथिनं बनवतं. त्यातल्या निम्म्याहून जास्त प्रथिनांवर साखरेच्या बारीक साखळ्या चिकटवाव्या लागतात. साखळी नीट लागली नाही तर प्रथिन पोचायचं तिथे पोचत नाही, आणि पोचलं तरी धड काम करत नाही. म्हणून मेंदू, यकृत, रक्त गोठणं, सगळंच थोडं थोडं बिघडतं. मी मनात म्हटलं, कानात बिल्ला न मारलेलं जनावर बाजारात सोडावं तसं. कुणाचं, कुठे बांधायचं, कुणालाच पत्ता नाही.

अश्विनीने विचारलं, "मी पोटुशी असताना गोड फार खाल्लं, त्यामुळे झालं का हे?"

"नाही. खाण्यातल्या साखरेचा काही संबंध नाही. तुम्ही काहीही चुकीचं केलेलं नाही."

पुन्हा पुन्हा तेच विचारत होती.

कारण असं: साखळीसाठी लागणारी साखर तयार करणारं एक एन्झाइम आहे, त्याच्या जनुकातच चूक. जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. दोन्ही चुकीच्या आल्या की आजार. एकच चुकीची असेल तर माणूस ठणठणीत, त्याला वाहक म्हणायचं. सुदर्शन आणि अश्विनी दोघेही वाहक.

मी म्हणालो, "हे मला समजतं, बाई. वळूंचीही अशीच तपासणी होते. धिप्पाड, बघत राहावं असा वळू, पण वाहक निघाला की त्याच्या रेताच्या कांड्या बाद."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"गाईंचा. तोही अर्धा."

मूळ आजारावर आज औषध नाही. व्यायाम, खाणंपिणं, झटक्याच्या गोळ्या, ताप आला की धावत यायचं, एवढंच.

मग त्या म्हणाल्या की दोन्ही प्रतींत चूक अगदी तीच आहे, अक्षर न अक्षर. इतकी दुर्मिळ चूक दोन्हीकडून हुबेहूब आली म्हणजे बहुतेक दोन्ही घरांचा पूर्वज एक असावा. "लग्न नात्यातलं आहे का?"

मी नाही म्हणायला आणि अश्विनीने "मामा, ती पिशवी द्या" म्हणायला एकच गाठ पडली. बाईंनी मान वर केली. "हे तुमचे मामा आहेत?"

आता काय बोलावं! आमच्याकडे सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणायची रीतच आहे, हे त्यांना सांगून पटवायला पाच मिनिटं गेली. शेवटी मी जरा तिखटच बोललो. "बाई, बाप-लेकीची गाठ पडू नये म्हणून मी गावोगावचे वळू बदलतो. स्वतःच्या घरात नात्यातलं लग्न होऊ देईन का? मुलगी आंबेगाव तालुक्यातली, डिंभ्याची. आडनाव वेगळं, कुळी वेगळी, देवक वेगळं. सगळं बघून केलंय."

त्यांनी एक कोरा कागद दिला. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. दोन्ही घरांच्या जमतील तितक्या पिढ्या काढून आणा म्हणाल्या.

१३ ऑगस्ट

आमच्या घराच्या पाच पिढ्यांचे चौकोन अर्ध्या तासात भरले. वडील रखमाजी, आजोबा, पणजोबा, थेट वर. नावं तोंडपाठ आहेत. गोलांपाशी घोडं अडलं. आई, बायको आणि आळे गावची आजी, एवढे तीन भरले. बाकीचे रिकामे.

पाच पिढ्यांत असं पोर झाल्याचं ऐकिवात नाही. दोन्हीकडून चूक लागते हे मान्य, पण सुरुवात कुठून तरी झाली असणार. माझा अंदाज, डिंभ्याकडून.

आरोही: दीड वाटी पेज. ओकली नाही.

१९ ऑगस्ट

शेजारच्या गेणभाऊची कालवड माजावर आली. "डाक्टर, मागच्याच वळूची कांडी भरा. तिच्या आईनं त्याच्यावर लई दूध दिलं राव."

मी वही उघडली. कालवडीचा बिल्ला, तिच्या आईचा बिल्ला, आई कोणत्या वळूला भरली होती. "गेणभाऊ, तो हिचा बाप आहे."

"आयला! आमी इसरलोच."

मालक विसरतो, म्हणून तर आईचा रकाना असतो. दुसरी कांडी भरली.

२४ ऑगस्ट

बायकोने, सारजाबाईने, स्वयंपाकघरातून सांगितलं, अश्विनीला दिवस गेलेत. सातवा आठवडा. ठरवून नव्हे.

पुण्याला फोन केला. बाई म्हणाल्या, दर खेपेला चारात एक. म्हणजे एकदा झालं म्हणून पुढची तीन चांगली, असा हिशेब नाही. अकरा-बारा आठवड्यांनी सुईने वारेचा बारीक कण काढून तपासता येतो.

घरात कुणी पेढे आणले नाहीत.

३० ऑगस्ट

ओट्यावर गेणभाऊ बसला होता. बोलता बोलता घरचं निघालं. त्याच्याशी लपवण्यासारखं काही नाही. मी म्हणालो, "गाईला एकदा खराब वासरू झालं, दुसऱ्याचीही धास्ती आहे. तर गाय बदलायची का वळू?"

"वळू घरचा, मंग गाय इकायची. त्यात इचारायचं काय?" गेणभाऊ हसला. मीही हसलो. मी म्हणालो, "वळूची पाच पिढ्यांची नोंद आहे आपल्याकडे."

बोलण्याच्या ओघात गेलं. सून आत पीठ मळत होती, तिच्या कानावर गेलं नसावं.

१ सप्टेंबर

अश्विनी हल्ली चहा ओट्यावर ठेवून जाते. पूर्वी हातात द्यायची आणि "साखर बरोबर आहे ना, मामा?" विचारायची. दिवस गेलेत म्हणून थकत असेल.

आरोहीला झटका, चाळीस सेकंद. डावा हात. मग झोपली.

७ सप्टेंबर

रविवार. सुदर्शन आला होता. मी विषय काढला की अश्विनीला काही दिवस माहेरी पाठवू, तपासणीचा निकाल लागेपर्यंत. पुढचं मग सयाजींशी, म्हणजे तिच्या वडिलांशी, बसून बोलू.

"पुढचं म्हंजी काय?" सारजाबाईने विचारलं.

इथे लिहितो, कारण नोंद म्हणजे नोंद. फारकतीचा विचार माझ्या मनात येऊन गेला. सुदर्शन एकतीस वर्षांचा आहे. दुसरं घर मांडता येईल. चारात एकच्या टांगणीवर किती वर्षं काढायची?

सुदर्शन मोबाईलकडे बघत म्हणाला, "दादा, तुम्ही म्हणाल तसं."

हे उत्तर मला हवं होतं. तरी ऐकल्यावर बरं वाटलं नाही.

मी म्हणालो, आरोहीला इथेच ठेवू, औषधांची सवय आहे. अश्विनी दारात होती. "पोरगी माझ्याबरोबर येणार," एवढंच म्हणाली आणि पिशवी भरायला गेली.

८ सप्टेंबर

दोघींना डिंभ्याला सोडून आलो, भाड्याच्या गाडीने. नारायणगाव, मंचर, घोडेगाव. मंचरजवळ आरोही माझ्या शर्टावर ओकली आणि खदखदून हसली.

१० सप्टेंबर

रुग्ण घरात नाही, त्यामुळे नोंद नाही. सवयीने वही घेऊन बसलो. घरात "दा" म्हणणारं कुणी नाही.

१५ सप्टेंबर

पितृपक्षातली अविधवा नवमी. नवऱ्याआधी गेलेल्या बायांसाठी आजच्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात. सारजाबाईने गेणभाऊच्या बायकोला बोलावलं होतं. पुरण, कटाची आमटी, ओटीला खण. मी विचारलं, आपल्याकडे कोण गेलंय असं? माझी आई तर वडिलांच्या मागे गेली.

"देव्हाऱ्यातल्या त्या टाकासाठी," ती म्हणाली.

आमच्या देव्हाऱ्यात चांदीचे आठ टाक. खंडोबा, भैरोबा, तुळजाभवानी असे सात. आठवा बाईचा आहे, त्याला मी लहानपणापासून कुठलीशी देवीच समजत होतो.

"देवी कुठली? अवो, तुमची आजी हाय ती."

"आजी आळ्याची होती. माझ्यासमोर गेली."

"ती दुसरी. ही पयली. हिच्याच पोटचं तुमचं वडील. ही बाळंतपणात गेली, मंग आळ्याची आणली. सवतीचा टाक म्हणून म्हातारी आधी गळ्यात घालायची. तुमच्या जन्माआधीच त्यो देव्हाऱ्यात आला. मला माझ्या लग्नाच्याच वर्षी म्हातारीनं समदं सांगितलं व्हतं."

"मला का नाही सांगितलं कुणी?"

"तुमी इचारलं का कधी?"

सासरचं नाव गिरजा. माहेरचं हिला ठाऊक नाही, गाव मात्र निमगाव सावा. मग मी सहज कागद पुढे केला. सारजाबाईने बसल्या जागी नऊ गोल भरून दिले, गावांसकट. चाळीस वर्षं मी समजत होतो की हिला घराण्यातलं काही माहीत नाही.

गिरजेचा गोलही भरला. निमगाव सावा इथून जवळच, आपल्याच तालुक्यात. आंबेगावशी त्याचा काही संबंध नाही. तेव्हा माझा अंदाज कायम.

२० सप्टेंबर

डिंभ्याला गेलो, कागदाची दुसरी बाजू भरायला. खरं सांगायचं तर खोट त्या घरात कुठे आहे ते शोधायला. घोडेगावातून एसटी मिळेना, एका जीपमध्ये दाटीवाटीने गेलो.

आता जे झालं ते क्रमाने लिहितो.

सयाजी "या पावणं" म्हणाले, पण बोलण्यात ओल नव्हती. अश्विनीने पाण्याचा तांब्या ठेवला आणि आत गेली. आरोहीने मला पाहून दोन्ही हात हलवले, "दा" म्हणाली. वजन कमी वाटलं.

सयाजींना बायांची नावं येईनात. माझ्यासारखीच गत. ते म्हणाले, आईला विचारा. त्यांची आई कोंडाबाई, वय ऐंशीच्या पुढे, उंबऱ्याशी घेवड्याच्या शेंगा मोडत बसलेली. कान शाबूत, डोळेही शाबूत.

"आजी, तुमचं माहेर कुठलं?"

"निमगाव सावा."

मी पेन खाली ठेवलं. मग म्हातारीनेच मला विचारायला सुरुवात केली.

"तुमी राजुरीचं. कुणाच्यातलं?"

वडिलांचं नाव सांगितलं. रखमाजी. तिने शेंग तशीच हातात धरली.

"रखमाजी? आई येगळी व्हती का त्याची?"

"हो. बाळंतपणात गेली."

"ठकू," ती म्हणाली. "माझ्या बापाची धाकली भन. माझी सख्खी आत्या. मी तिला पाह्यलं न्हाई, माझ्या जन्माआधी गेली. राजुरीला दिली व्हती. बाळंत झाली आन् चौथ्या दिशी गेली. माझा बाप निरोप मिळून पोचला तवर समदं उरकलं व्हतं. तिथं त्यानं काय ऐकलं ठावं हाय? दहावा व्हायच्या आत तुमच्या आज्यासाठी दुसरी बघायला माणसं आळ्याला गेल्यात. लेकराला कडेवर घिऊन बाप लई रडला म्हनं. परत येताना नदीवर तोंड धुतलं, आन् पुन्हा राजुरीचं पाणी पेला न्हाई. पोराचं नाव रखमाजी ठिवलं, एवढंच कुणाकडनं तरी कळलं."

"मग लग्नाच्या वेळी बोलला नाहीत?"

"मला कुणी इचारलं? तुमी बापयं बसलात, कुळी पाह्यली, देवक पाह्यलं, सुपारी फोडली. मला पोरीला हळद लावायला बोलावलं. तुमच्या आडनावाची निम्मी राजुरी हाय. त्यात ह्योच उंबरा आसंल, ह्ये मला काय सपान पडलं?"

मग म्हणाली, "माझ्या बापानं चांदीचा टाक करून पाठवला व्हता. सोनाराला सांगितलं, नुसती बाई नको, कडेवर लेकरू काढ. म्हंजी त्यांना इसर पडायचा न्हाई."

परत येताना जीपमध्ये कागद गुडघ्यावर धरून रेघा जोडल्या. ठकू आणि तिचा भाऊ, सख्खे. ठकूचे माझे वडील, भावाची कोंडाबाई. पुढे मी आणि सयाजी. पुढे सुदर्शन आणि अश्विनी. खाली आरोही. दोन्हीकडच्या रेघा खाली एकाच ठिकाणी येऊन मिळतात. एकीकडच्या बाजूला मधे मीच आहे.

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

२१ सप्टेंबर

भादवी पोळा. सकाळी अंघोळ करून देव्हाऱ्यातला टाक हातात घेतला. अंगठ्याने हळदीकुंकवाचा थर काढला. कडेवर लेकरू आहे. पुसट, पण डोकं आणि एक हात स्पष्ट दिसतो.

सत्तावन्न वर्षं रोज या टाकाला नमस्कार केला. गेणभाऊच्या कालवडीची आई मला बिल्ल्यासकट सापडते आणि बापाची आई देव्हाऱ्यात बसलेली कळत नाही. मला लाज वाटली. ती कुणाला दाखवण्यासारखी नाही, म्हणून इथे.

सारजाबाईला सगळं सांगितलं. तिने देव उलटे मांडलेत म्हणून आधी बोलून घेतलं, मग म्हणाली, "आपलं ठिवायचं झाकून, दुसऱ्याचं बघायचं वाकून. आता आणा पोरीला."

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "तुमचं रक्त द्याल? खात्री होईल." मी म्हणालो, बघतो. का म्हणालो बघतो? सुईची भीती नाही. कागदावरचा माझा चौकोन वाहक म्हणून अर्धा काळा करावा लागेल, त्याची आहे.

२६ सप्टेंबर

पुण्यात अश्विनीची तपासणी झाली. सयाजी तिला घेऊन आले होते. सुदर्शन चाकणहून परस्पर आला आणि तिच्या शेजारी बसायचं सोडून माझ्या शेजारी बसला. मी त्याला उठवून तिकडे धाडलं.

मी रक्त दिलं.

बाहेर बाकावर अश्विनी आरोहीला मांडीवर घेऊन बसली होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो. काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो, पण ती आधी बोलली, सगळ्यांसमोर, आवाज न चढवता.

"मामा, गाय बदलायची ठरली का वळू?"

ऐकलं होतं तर. सयाजींनी मान खाली घातली. सुदर्शनला काही कळेना. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी म्हणालो, "चूक माझ्या आजीकडून माझ्यात आली, माझ्याकडून सुदर्शनमध्ये. तुझ्याकडेही त्याच घरातून आली. तुझ्यावर ढकलली, ते माझं चुकलं."

"हे इथे सांगताय. तेव्हा बोलला होतात ओट्यावर, गेणभाऊंसमोर."

"हो."

"मग तिथे सांगा. मी त्याशिवाय यायची नाही. आणि निकाल काहीही लागो, पुढे काय करायचं ते मी आणि डॉक्टर ठरवू. सुदर्शनला यायचं असेल तर त्याने यावं."

सुदर्शन म्हणाला, "मी आहे." उशिरा म्हणाला, पण म्हणाला.

२८ सप्टेंबर

गेणभाऊला मुद्दाम ओट्यावर बोलावलं. चहा सारजाबाईने दिला. कागद पसरून सगळं दाखवलं, चौकोन, गोल, रेघा. म्हणालो, "त्या दिवशी गाय आणि वळूची गोष्ट केली, ती मागे घेतो. खोट माझ्या रक्तात आहे."

गेणभाऊने चहा संपवून कप खाली ठेवला. मग म्हणाला, "डाक्टर, तुमी माझ्या कालवडीला जेवढं जपलं तेवढं सुनंला जपायचं व्हतं राव."

एरवी मी त्याला बोलू दिलं नसतं. आज ऐकून घेतलं. तो गेल्यावर सारजाबाईने डिंभ्याला फोन लावला आणि आत जाऊन बोलली.

१७ ऑक्टोबर

वसुबारस. सारजाबाई गोठ्यात गाय-वासराची पूजा करत होती तेव्हा पुण्याचा फोन आला.

मी वाहक. अपेक्षितच.

पोटातलं बाळ: एक प्रत चुकीची, एक बरोबर. वाहक. आजार होणार नाही. बाईंनी दोनदा सांगितलं, मी तिसऱ्यांदा विचारलं. मग ओट्यावर बसलो.

त्यांनी आधी अश्विनीला कळवलं होतं आणि तिला विचारूनच मला फोन केला. तसंच हवं.

कागदावर बाळ कसं काढायचं ते विचारलं. मुलगा की मुलगी हे सांगत नाहीत, तेव्हा चौकोनही नाही आणि गोलही नाही. बाई म्हणाल्या, पतंगासारखा आकार काढा, अर्धा काळा. काढला. मग माझा चौकोन अर्धा काळा केला. शेवटी वर जाऊन ठकूचा गोल. तो अंदाजाने, पण करावा लागला.

आरोहीचा गोल पूर्ण काळा आहे. तो पांढरा होणार नाही.

१९ ऑक्टोबर

अश्विनी आली. आरोहीही. सुदर्शन स्वतः जाऊन घेऊन आला. उंबऱ्यात सारजाबाईने तुकडा ओवाळून टाकला. कोंडाबाईने घेवडा पाठवला आहे आणि निरोप: "ठकूचा टाक बघायला येईन. पाणीबी पिईन."

दुपारी चहा आला. अश्विनीने कप ओट्यावर ठेवला आणि गेली. बोलणं तेवढ्यापुरतं. मी काय समजत होतो, एका कागदाने सगळं धुऊन निघेल?

थोड्या वेळाने येऊन म्हणाली, "मामा, डॉक्टरांनी नोंदी मागितल्यात. वही द्या, मी बघते."

या वहीत सगळं आहे. ३० ऑगस्ट आहे, ७ सप्टेंबर आहे. पानं फाडता आली असती. चौतीस वर्षांत एक पान फाडलेलं नाही. एवढं लिहून तिच्या हातात देतो.

२० ऑक्टोबर

अक्षर माझं, अश्विनीचं. वही पहिल्यापासून वाचली.

३० ऑगस्टच्या नोंदीत दुरुस्ती: मी पीठ मळत नव्हते. दाराच्या आत बसून आरोहीला पेज भरवत होते. तुमचा आवाज आला म्हणून ती "दा" म्हणत हसत होती.

आजची नोंद. आरोही: वजन नऊ किलो शंभर ग्रॅम. दोन वाट्या पेज. ओकली नाही. झटका नाही. धरून उभी केली, सात सेकंद.

मामांनी चहा आत येऊन घेतला. साखर कमी आहे म्हणाले. डबा पुढे केला.

आईचा छापील रकाना पहिल्या पानापासून रिकामा होता, तो भरला आहे. आई: अश्विनी. तिची आजी: कोंडाबाई. तिची आत्या: ठकू.